आईच्या किडनीतली गाठ सीटीवर ‘बॉस्निॲक ३’, ऑपरेशननंतर ‘सिस्टिक नेफ्रोमा’. हा कॅन्सर आहे का, आणि आधी का कळलं नाही?

हा कॅन्सर नाही. आईंच्या रिपोर्टमध्ये ‘अडल्ट सिस्टिक नेफ्रोमा’ (मोठ्या माणसांच्या किडनीतली, पाण्याच्या कप्प्यांची साधी गाठ) असं स्पष्ट लिहिलं असेल आणि गाठ पूर्ण निघाली असेल, तर केमो-रेडिएशनची गरज नसते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सीटीत पाण्याच्या कप्प्यांमधले पडदे किती जाड आहेत, इंजेक्शननंतर ते उजळतात का, एवढं दिसतं. पडद्यात कोणत्या पेशी आहेत ते दिसत नाही. बॉस्निॲक म्हणजे किडनीतल्या पाण्याच्या गाठींचे स्कॅनवरून पाडलेले गट, आणि त्यातल्या ३ गटातल्या साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात. सुईने बायोप्सी घेतली तरी गाठीत बहुतेक पाणीच असतं. पडद्याचा एवढासा तुकडा मिळतो आणि त्यात काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. म्हणून किडनी वाचवून फक्त गाठ काढण्याचा सर्जननी घेतलेला निर्णय मला योग्यच वाटतो. ‘उगाच कापलं’ असं कृपया मनात आणू नका.

खरं निदान स्लाइडवर होतं. कप्प्यांना आतून पेशींचा एकच थर असतो, काही ठिकाणी त्या खिळ्याच्या डोक्यासारख्या फुगीर दिसतात. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पडद्यांमधला स्ट्रोमा, म्हणजे पेशींच्या थराला आधार देणारा भाग. तो हुबेहूब अंडाशयातल्या स्ट्रोमासारखा असतो, आणि किडनीतल्या या पेशी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनच्या रिसेप्टरच्या (हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनांच्या) तपासणीत पॉझिटिव्ह येतात! ही गाठ बहुतांशी रजोनिवृत्तीच्या आसपासच्या बायकांमध्येच का सापडते, याचा धागा तिथेच आहे. आई हार्मोनच्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

रिपोर्टमध्ये ‘मेस्ट’ (मिक्स्ड एपिथेलियल अँड स्ट्रोमल ट्यूमर) हा शब्दही असेल तर गोंधळू नका. घट्ट भाग जास्त असलेली ती याच कुळातली गाठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या वर्गीकरणात दोन्ही एकत्र आहेत. या गाठीशी डायसर१ जनुकाचा संबंध असल्याचं तुम्ही वाचलं असेल, तर ते लहान मुलांच्या सिस्टिक नेफ्रोमाबद्दल. नाव तेच, आजार वेगळा.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा. पडद्यांत क्लिअर सेलचे (किडनीच्या एका कॅन्सरमध्ये दिसणाऱ्या फिकट पेशींचे) पुंजके नाहीत असं म्हटलंय का? ते असतील तर निदान बदलतं. तशी एक सौम्य वागणारी, पण वेगळ्या नावाची गाठ असते. आणि स्ट्रोमात सार्कोमासारखे (आधार देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरसारखे) बदल नाहीत ना? ते फार क्वचित होतात, पण त्यासाठीच गाठीचे भरपूर तुकडे तपासावे लागतात. यातलं काही रिपोर्टमध्ये नसेल तर लॅबला थेट विचारा. शंका उरलीच तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या आणि किडनीच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. पुढचे स्कॅन कधी करायचे हे तुमचे यूरोलॉजिस्ट ठरवतील.