तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीचे ध्वनिमुद्रण करायचे आहे. हेडफोन कोणते घ्यावेत?

मागून बंद असलेले (म्हणजे कानावरच्या कपांची बाहेरची बाजू बंद असलेले), वायरचे हेडफोनच घ्यावेत. सेनहायझर एचडी २५ किंवा सोनी एमडीआर-७५०६ चालतील, त्यातही पहिला गोंगाट अधिक अडवतो. नागपूरच्या त्या गर्दीत उघड्या पाठीच्या हेडफोनमधून ढोलताशा थेट कानात शिरतो आणि माइकने नेमके काय टिपले, त्यात वाऱ्याची फडफड आहे की केबलची खरखर, हे कळतच नाही. ब्लूटूथमध्ये तर आवाज उशिराच पोहोचतो. मात्र चष्म्याच्या काडीपाशी गादी किंचित उचलली गेली, तरी ढोलाचा खर्ज आत येतो, म्हणून हेडफोनचा आवाज वाढवत बसण्यापेक्षा (कानही जपायला हवेत) ध्वनिमुद्रणाच्या पातळीसाठी रेकॉर्डरच्या मीटरवर भरवसा ठेवावा.