स्मार्टफोन आहे म्हणून नेटपॅक मारावाच लागतो का?

एका वाचकाचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो. त्यांच्या आईंचा प्रीपेड नंबर आहे, इतकी वर्षं बटणांचा साधा फोन होता, दोन वर्षांपूर्वी ह्यांनी आपला जुना स्मार्टफोन त्यांना दिला. घरी वायफाय आहे त्यामुळे नातवंडांचे व्हिडिओ कॉल वगैरे त्याच्यावर होतात, बाहेर पडल्यावर आईंना फक्त फोन लावायचा आणि घ्यायचा असतो. तरी रिचार्जला गेल्या की दुकानदार म्हणतो काकू स्मार्टफोनला नेटचाच पॅक लागतो, साधा चालत नाही, आणि कस्टमर केअरला विचारलं तर तिथूनही हेच उत्तर. मग दर वेळी रोज दीड जीबीवाला ८४ दिवसांचा पॅक, नेट शून्य वापरलं जातं. ह्यांचं विचारणं असं की असा कायदा आहे का, दोन वर्षांचे पैसे परत मिळतील का, आणि स्वतःच्या पोस्टपेडमधूनही नेट काढून टाकता येईल का.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, असा कायदा आपल्याकडे नाही. रिचार्ज नंबरवर होतो, हँडसेटवर होत नाही. अमेरिकेत मात्र हे खरंच चालायचं, २००९ च्या सप्टेंबरमध्ये एटी अँड टी ह्या मोबाइल कंपनीने स्मार्टफोन घेणाऱ्यांना डेटा प्लॅन सक्तीचा केला आणि पुढे तर आयएमईआय नंबरवरून, म्हणजे प्रत्येक हँडसेटच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, कुठला फोन वापरताय ते ओळखून प्लॅन आपोआप लावून टाकायचे. आपल्याकडे गोष्ट वेगळी होती. सक्ती कुणी केली नाही, पण नेट नसलेले पॅकच जवळपास गायब झाले, म्हणजे घ्यायचं तर नेटसकट घ्या.

ह्यावरच ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, २३ डिसेंबर २०२४ ला नियम काढला, टेलिकॉम ग्राहक संरक्षण नियमावली २०१२ मधली बारावी दुरुस्ती. त्यात प्रत्येक कंपनीला निदान एक तरी असा स्पेशल टॅरिफ व्हाउचर, म्हणजे ठरावीक मुदतीचा रिचार्ज पॅक, ठेवणं बंधनकारक केलंय ज्यात फक्त कॉल आणि एसएमएस असतील, डेटा नाही, आणि अशा व्हाउचरची मुदत जी आधी जास्तीत जास्त ९० दिवस होती ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. हा नियम फक्त साध्या फोनवाल्यांसाठी आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, प्रीपेड ग्राहक एवढं पुरतं. त्यामुळे आईंच्या हातात कुठला फोन आहे हा प्रश्न दुकानदाराने विचारायचाच नाही.

पण जरा थांबा. नियमाने पॅक ठेवायला लावलाय, स्वस्त ठेवायला लावलेला नाही. मोबाइलचे दर ठरवणं ट्रायने बहुतांशी कंपन्यांवरच सोडलेलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये हे पॅक आले, ओरड झाली, मग काही दिवसांत दर थोडे उतरले, एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला आणि वर्षाचा १८४९ ला, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला आणि ३३६ दिवसांचा १७४८ ला असं ते आकडे बसले. आता ते बदललेले असू शकतात, कंपनीच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर शोधा, आणि पहिल्या पानावर दिसले नाहीत तर खाली खाली जात रहा, विकायची घाई नसलेला माल मागच्या फळीवरच असतो. रोज दीड जीबीच्या पॅकपेक्षा बऱ्यापैकी वाचतात, पण महिन्याचा हिशोब काढलात तर फार मोठा आकडा दिसणार नाही, तेव्हा भांडण पैशासाठी करताय की तत्त्वासाठी हे घरात आधी ठरवा.

आता दोन वर्षांचे पैसे. तुम्हाला आवडणार नाही पण सांगतो, सगळे मिळणार नाहीत. एक तर नियम यायच्या आधीच्या काळात कंपनीवर असा पॅक ठेवायचं बंधनच नव्हतं, तो काळ सोडून द्या. दुसरं, त्या पॅकमधले कॉल आईंनी वापरलेत, म्हणजे मागायचा तर फक्त फरक मागता येईल, तुमचा पॅक आणि तेव्हा उपलब्ध असलेला बिननेटचा पॅक ह्यांच्यातला. तिसरं म्हणजे कंपनीचा वकील पहिल्या तारखेला हेच म्हणणार की पॅक ॲपवर होता, ह्यांनी स्वतःहून दुसरा घेतला, आमची काय चूक. मी त्यांच्या बाजूने असतो तर मीही हेच म्हटलं असतं. तुमची खरी ताकद त्या एका वाक्यात आहे, "स्मार्टफोनला नेटचाच पॅक लागतो". ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४१) मध्ये निर्बंधित व्यापार प्रथा म्हणून जे सांगितलंय त्यात एक सेवा हवी तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं येतं, आणि ग्राहकाला खोटं सांगून महागाचा पॅक गळ्यात मारणं ही अनुचित प्रथा म्हणूनही मांडता येते.

फक्त ते वाक्य सिद्ध करायला पाहिजे. दुकानदार बोलला ह्याचा फार उपयोग नाही, कंपनी म्हणेल तो आमचा नोकर नाही. कस्टमर केअरचं मात्र त्यांना झटकता येत नाही. तेव्हा कंपनीच्या ॲपमधल्या चॅटवर किंवा ईमेलवर साधा प्रश्न टाका की ह्या नंबरवर फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक हवाय, फोन स्मार्टफोन आहे, चालेल का. "नाही" असं लेखी आलं तर ते जपून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या पण मूळ चॅटही डिलीट करू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोन समोर असेल तर ते सोपं जातं. आणि "हो चालेल" असं आलं तर उत्तमच, पॅक मारा आणि विषय संपला.

पहिली पायरी मात्र कंपनीचीच. लोक थेट ट्रायला अर्ज लिहितात, ट्राय एकेकाची वैयक्तिक तक्रार सोडवत नाही, तो वेळ फुकट जातो. कंपनीकडे तक्रार नोंदवायची, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यायचा, उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करायचं, त्याला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. कंपनीचंच प्राधिकरण म्हटल्यावर काय होणार असं वाटेल, पण अपिलापर्यंत गेलेली प्रकरणं बऱ्याचदा तिथेच मिटतात, कारण लहान रकमेसाठी पुढे कुणाला जायचं नसतं. ह्याच्या जोडीला १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे नोंदवलेली तक्रारही कंपनीकडेच जाते पण सरकारी शिक्का बसून जाते.

तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. अजूनही काही जण सांगतात की टेलिकॉमचा वाद ग्राहक कोर्टात चालत नाही, जुन्या टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद आहे वगैरे. २००९ च्या एका निकालामुळे तो समज होता, पण १६ फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल ह्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की ग्राहक आयोगाला अधिकार आहे, आणि २०१९ च्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत टेलिकॉम हा शब्दच घातलेला आहे. तक्रार आईंच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, मोबदल्याची रक्कम, म्हणजे सेवेसाठी तुम्ही कंपनीला दिलेले पैसे, ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची, म्हणजे जुने रिचार्ज एकेक करून मुदतीबाहेर जात राहणार हे लक्षात ठेवा. सिम कुणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आईंच्या नावावर असेल तर तक्रारदार आई, तुम्ही अधिकारपत्र घेऊन त्यांच्यातर्फे हजर राहू शकता.

हे सगळं चालू असताना आईंच्या फोनवर एक काम आजच करा. बिननेटचा पॅक असताना मोबाइल डेटा चुकून चालू राहिला आणि मेन बॅलन्समध्ये काही पैसे असले तर ते नेटला कापले जाऊ शकतात. इंग्रजीत स्टॉप लिहून १९२५ ला एसएमएस पाठवला की त्या नंबरवरचा डेटाच बंद होतो, पुन्हा हवा तर स्टार्ट लिहायचं. वायफायला काही होत नाही. आणि पॅकमध्ये एसएमएस आहेत ना हे बघा, यूपीआय ॲप नव्याने चालू करताना फोनमधून एक एसएमएस बाहेर जावा लागतो, तिथे बरेच जण अडकतात.

राहिलं तुमचं पोस्टपेड. तिथे हा नियम तुमच्या कामाचा नाही, कारण स्पेशल टॅरिफ व्हाउचर ही प्रीपेडमधलीच चीज आहे. १९२५ ने तुमचाही डेटा बंद होईल पण बिलातलं भाडं एक रुपयाने कमी होणार नाही. नेट खरंच नको असेल तर त्याच कंपनीत प्रीपेडला बदलून घ्या, ते आता ओटीपीवर होतं, आणि मग बिननेटचा पॅक घ्या. कंपनीच बदलायची असेल तर आधी बिलाची थकबाकी शून्य करा, नाहीतर पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, अडतं, आणि "पोर्टसाठीचा एसएमएस १९०० ला जात नाही, तुमच्या प्लॅनमध्ये ती सोय नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. प्लॅन कितीही लहान असो, तो एसएमएस जाऊ द्यायचाच असं ट्रायने डिसेंबर २०२१ मध्येच कंपन्यांना बजावलंय.