एकाच बोअरच्या पाण्याचे दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे कसे? लॅबची परीक्षा कुणी घेतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या बोअरचं पाणी तुम्ही दोन लॅबमध्ये तपासायला दिलं. टोटल हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, एकीकडे 412, दुसरीकडे 436 (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर). फ्लोराइड 1.1 आणि 1.4. नायट्रेट तर 10.8 आणि 48. दोन्ही लॅबच्या भिंतीवर मान्यतेचं प्रमाणपत्र आहे. मग खरं कोण बोलतंय, आणि अशा लॅबची स्वतःची कुणी परीक्षा घेतं का?

घेतात. मी अठरा वर्षं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि त्या परीक्षेत आमची लॅब एकदा नापास झालेली आहे. ते पुढे सविस्तर लिहिते. आधी तुमचे आकडे बघू.

नायट्रेटचा 10.8 हा आकडा 4.43 ने गुणून बघा. 47.8 येतात, म्हणजे दुसऱ्या लॅबचे 48. नायट्रेट दोन तऱ्हांनी लिहितात. एक म्हणजे अख्ख्या नायट्रेटचं वजन, आणि दुसरी म्हणजे त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन. नायट्रेटच्या 62 भागांत नायट्रोजन 14 भाग असतो, तिथून हा 4.43 येतो. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस 10500 या भारतीय मानकात अख्ख्या नायट्रेटची मर्यादा आहे, 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर. अमेरिकेत मर्यादा 10 आहे, पण ती नायट्रोजनची. बरीच यंत्रं आणि किट आकडा नायट्रोजनमध्ये दाखवतात. तो आकडा तसाच उचलून ‘नायट्रेट’ या रकान्यात टाकला की झाली गडबड. पहिल्या रिपोर्टवर बारीक अक्षरात कुठे ‘नायट्रोजन म्हणून’ असं लिहिलंय का बघा. नसेल तर लॅबला फोन करून विचारा. माझा अंदाज असा की दोन्ही लॅबनी तेच पाणी बरोबर मोजलंय, आणि तुमचं पाणी मर्यादेच्या वर आहे. ‘10.8, मर्यादा 45’ असं शेजारी शेजारी छापलेलं वाचून कुणी निश्चिंत झालं असेल, तर त्यांना आजच सांगा.

हार्डनेसची काळजी सोडा. 412 आणि 436 मध्ये सहा टक्क्यांचाही फरक नाही. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, रसायन थेंब थेंब सोडताना वाइनसारखा लाल रंग निळा कधी झाला हे डोळ्यांनी ठरवायचं असतं, आणि दोन माणसं दोन थेंब मागेपुढे थांबतात. मानकात 200 पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालेल असं म्हटलंय. दोन्ही आकड्यांचा अर्थ एकच निघतो.

आता परीक्षेबद्दल. आम्ही तिला नुसतं ‘पीटी’ म्हणतो, म्हणजे प्रोफिशियन्सी टेस्टिंग. मराठीत प्रावीण्य चाचणी म्हणता येईल. यात एक आयोजक संस्था एकाच मोठ्या पिंपात पाणी तयार करते, त्यात फ्लोराइड, नायट्रेट, क्लोराइड, लोह जे काही हवं ते मोजून घालते आणि बाटल्या भरते. सगळ्या बाटल्यांत पाणी सारखंच आहे ना हे बघायला त्यातल्या निदान दहा बाटल्या मधूनच उचलून प्रत्येकीची दोनदा तपासणी होते. महिनाभर ठेवलं तर बदलतं का, तेही बघतात. मग त्या बाटल्या देशभरातल्या लॅबना जातात. आत काय आणि किती आहे हे कुणालाच सांगत नाहीत. प्रत्येक लॅबने ठरलेल्या तारखेच्या आत आपला आकडा कळवायचा. लॅबचं नाव गुप्त राहतं, नुसता कोड क्रमांक असतो.

सगळ्यांचे आकडे आले की ठरलेली किंमत, म्हणजे बरोबर मानायचा आकडा, काढतात, आणि तुमचा आकडा तिच्यापासून किती लांब पडला त्यावरून ‘झेड स्कोअर’. लॅबचा आकडा वजा ठरलेली किंमत, भागिले साधारण अपेक्षित फरक. उत्तर उणे 2 ते अधिक 2 मध्ये आलं तर समाधानकारक. 2 आणि 3 च्या मध्ये आलं तर शंकास्पद. 3 किंवा त्याहून जास्त, मग उणे असो की अधिक, म्हणजे नापास. लॅबच्या कामाचं मानक आहे आयएसओ 17025 आणि पीटी घेणाऱ्यांचं आयएसओ 17043. एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. तिची मान्यता टिकवायची तर पीटीत भाग घ्यावाच लागतो.

ही कल्पना जुनी आहे. 1947 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या लॅबना एकसारखे नमुने पाठवून उत्तरं मागवली होती. ती इतकी वेगवेगळी आली की त्यातूनच पुढे ही पद्धत रुजली.

आता आमची गोष्ट. 2016 मध्ये फ्लोराइडची पीटीची बाटली आली. आम्ही 1.22 कळवलं. अहवालात ठरलेली किंमत होती 1.52 आणि अपेक्षित फरक 0.09. वजाबाकी उणे 0.30, भागाकार उणे 3.3. नापास.

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच आमच्याही आला, की बाटलीच खराब असणार. कारण आमच्याकडे सगळं ठीक दिसत होतं. फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचा उतार, म्हणजे फ्लोराइड दहापट झालं की विजेचा दाब किती बदलतो तो आकडा, नेहमीसारखा 58 मिलिव्होल्टच्या आसपास. रोज चालवायचा कंट्रोल नमुना, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला तपासणीचा नमुना, अगदी रेषेवर. एकच नमुना दोनदा तपासला तर दोन्ही वेळा तेच उत्तर. नमुन्यात मिसळायचं बफर द्रावण बदललं, इलेक्ट्रोड घासून पुसून बघितला, तरी 1.22 च. चौथ्या दिवशी आमच्या मॅडमनी बाहेरून विकत आणलेलं प्रमाणित द्रावण उघडायला लावलं. त्याच्या शेजारी आमचं 1.0 चं स्टँडर्ड, म्हणजे यंत्र ज्यावर जुळवतो ते माहीत तीव्रतेचं द्रावण, मोजलं, तर ते 1.25 निघालं.

ही स्टँडर्ड ज्यातून पातळ करून बनवतात तो स्टॉक, म्हणजे मूळ तीव्र द्रावण, मी बनवला होता. सोडियम फ्लोराइड 55.25 मिलिग्रॅम, 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये. रजिस्टरमध्ये फ्लास्कचा क्रमांक लिहिलेला होता. तो क्रमांक 200 मिलीच्या फ्लास्कचा निघाला. मांडणीवर दोन्ही शेजारी होते आणि दिसायलाही जवळपास सारखे. लेबलवर लिटरला 100 मिलिग्रॅम फ्लोराइड लिहिलं, पण आत 125 होतं.

हे आमच्या स्वतःच्या तपासणीत का सापडलं नाही, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे. आमची सगळी स्टँडर्ड त्या एकाच स्टॉकमधून, आणि कंट्रोल नमुनाही त्याच स्टॉकमधून. सगळेच एकाच प्रमाणात चुकले, म्हणून उतार बदलला नाही. मोजपट्टीच आखूड असेल तर तिनेच तिची लांबी मोजून काय कळणार? आतून बघताना आमची लॅब निर्दोष होती. बाहेरून एक अनोळखी बाटली आली म्हणून चूक सापडली.

मग त्या स्टॉकवर दिलेले सगळे रिपोर्ट रजिस्टरमधून काढले. प्रत्येक फ्लोराइड वीस टक्के कमी दाखवलं होतं. म्हणजे आम्ही 1.2 ते 1.5 लिहिलेलं पाणी प्रत्यक्षात 1.5 या मर्यादेच्या वर. असे अकरा हातपंप होते. त्यातला एक शाळेच्या आवारात. आम्ही 1.38 लिहून ‘मर्यादेत’ म्हटलं होतं, फेरतपासणीत 1.7 आलं. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात ते याच पट्ट्यातल्या पाण्याने, आणि अनेक वर्षं याहून जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर हाडं धरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत लोकांनी हे भोगलंय. आम्ही अकराही ठिकाणी पत्रं पाठवली, सुधारित रिपोर्ट दिले, आणि त्या शाळेच्या पंपाला ‘पिऊ नका’ या अर्थाचा लाल रंग लागला. तेव्हापासून आमच्याकडे कंट्रोल नमुना वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या बाटलीतूनच बनतो.

तुमच्या 1.1 आणि 1.4 मधलं अंतर जवळपास आमच्या त्या चुकीएवढंच आहे. पण म्हणून कुणी चुकलंच असेल असं म्हणत नाही. विल्यम हॉरविट्झ या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने 1980 च्या सुमारास हजारो तुलनांमधून दाखवलं की मोजायचा पदार्थ जितका कमी, तितकी लॅबलॅबमधली तफावत जास्त. लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास सोळा टक्क्यांची तफावत ही नेहमीची गोष्ट आहे. फ्लोराइडमध्ये चांगल्या लॅब याहून जवळ येतात, तरी 1.1 आणि 1.4 या दोन प्रामाणिक लॅबच्याही असू शकतात. मानकात 1.0 पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. दोन्ही आकडे मधल्या पट्ट्यात आहेत. मी तुमच्या जागी असते तर फेरतपासणी होईपर्यंत 1.4 धरूनच चालले असते.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. पीटीची बाटली आली की काही ठिकाणी सगळ्यात जुना केमिस्ट तिच्यावर बसतो, तीन-चार वेळा तपासतो, सरासरी काढतो, आणि ओळखीच्या लॅबला फोन करून ‘तुमचं किती आलं?’ विचारतो. रोज तुमच्या गावची बाटली मात्र नवीन मुलगा एकदाच तपासणार. मग ही परीक्षा कशाची झाली? पीटीचं पाणी रोजच्या पाण्यासारखं, त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्यानेच तपासलं पाहिजे. आयोजकही हे ओळखून असतात. काही जण म्हणूनच दोन वेगळ्या तीव्रतेच्या बाटल्या वाटतात, म्हणजे फोनवरचा आकडा कामाला येत नाही.

जंतूंच्या बाबतीत हे सगळंच अवघड होतं. क्षार बाटलीत आहेत तसे राहतात, पण ई. कोलाय हा जीव आहे, तो मरतो किंवा वाढतो. म्हणून जंतू गोठवून वाळवून पाठवतात आणि लॅबने ते पाण्यात मिसळून घ्यायचे. शिवाय सरासरी पाच जंतू असलेलं 100 मिली पाणी घेतलं तर एका बाटलीत दोन येतील, दुसरीत आठ. पिण्याच्या पाण्यात तर 100 मिलीत एकही चालत नाही, त्यामुळे तिथे मोठा प्रश्न ‘आहे की नाही’ हाच. जंतू असताना ‘नाही’ सांगणारी लॅब ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची.

आणि पीटीत एक गोष्ट तपासली जातच नाही, ती म्हणजे नमुना कसा घेतला. पीटीची बाटली सीलबंद येते, तुमची बाटली कुणीतरी नळाखाली धरून भरतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलं, दोन दिवस उन्हात गाडीत राहिलं, तर जगातली उत्तम लॅबही त्या बिघडलेल्या पाण्याचाच आकडा देणार. क्लोरीन घातलेलं पाणी जंतूंसाठी द्यायचं तर बाटलीत आधीच क्लोरीन निकामी करणारं थायोसल्फेट हवं, नाहीतर क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो. अशी निर्जंतुक बाटली लॅबकडूनच मागून घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.

आता पुढे काय करायचं. बोअर दहा मिनिटं चालू ठेवा. एक स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा, हलवा, आणि त्यातूनच दोन्ही लॅबच्या बाटल्या भरा. एका लॅबला त्याच कॅनमधली आणखी एक बाटली वेगळ्या नावाने द्या, ‘शेताची विहीर’ वगैरे लिहून. दोन्हीचे आकडे जवळ आले तर निदान त्या लॅबचा हात स्थिर आहे हे कळेल. मात्र आमच्यासारखी मोजपट्टीच आखूड असेल तर हे पुरणार नाही, म्हणून दुसरी लॅब लागतेच.

मग लॅबमध्ये जाऊन विचारा. पहिलं, तुमच्या मान्यतेत नायट्रेट आणि फ्लोराइड आहेत का? मान्यता अख्ख्या लॅबला मिळत नाही, एकेका तपासणीला मिळते. तिची यादी एनएबीएलच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. दुसरं, या दोन्हींचा शेवटचा पीटीचा झेड स्कोअर किती आणि कधीचा? तिसरं, कधी नापास झालात का, आणि तेव्हा काय केलंत? जी लॅब फाइल उघडून ‘इथे चुकलो, हे कारण, हे दुरुस्त केलं’ असं दाखवते, तिच्यावर मी ‘आमचं कधी चुकतच नाही’ म्हणणाऱ्या लॅबपेक्षा जास्त विश्वास ठेवते. हे प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, संकोच करू नका. खर्चाची अडचण असेल तर ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या सरकारी लॅबकडे नमुना पाठवता येतो. जल जीवन मिशनमध्ये या लॅब सामान्य लोकांसाठीही अल्प दरात खुल्या केल्या आहेत.

नवा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर नायट्रेट 48 आहे असंच धरा. घरात किंवा शेजारी सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि त्याला वरचं दूध किंवा पावडरचं दूध देत असतील, तर त्यासाठी हे पाणी वापरू नका. बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे कमी होते, अंग निळसर पडतं. आणि पाणी उकळून घेतलं की झालं असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, ते इथे उलटं आहे. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते वाढतं. त्या बाळासाठी पाणी दुसरीकडून आणा.