ठाण्यात उपवन तलावाभोवतीच्या पानगळीच्या रंगांचे छायाचित्र कधी आणि कसे घ्यावे?

आपल्याकडची पानगळ ऑक्टोबरात नव्हे, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात येते, आणि मला तरी त्या दिवसांतला तलावामागचा येऊरचा डोंगर एरवीच्या हिरव्या येऊरपेक्षा अधिक देखणा वाटतो. साग निष्पर्ण होत असतानाच पळस केशरी फुलतो आणि कुसुंबाला तांबडी कोवळी पालवी फुटते. ती उन्हात पारदर्शक काचेसारखी उजळते व तिच्या शिरा स्पष्ट दिसतात.

डोंगर तलावाच्या पश्चिमेला असल्यामुळे सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात पूर्वेच्या काठावरून छायाचित्र घ्यावे, कारण तेव्हा ऊन थेट उतारावर पडते आणि वारा मंद असल्यास पाण्यात त्याचे स्वच्छ प्रतिबिंब उमटते. संध्याकाळी हाच उतार सावलीत जातो.

लेन्सवर लावून फिरवता येणारा पोलरायझर फिल्टर पानांवरची चकाकी कमी करून रंग गडद करतो. मात्र तो पूर्ण फिरवल्यास प्रतिबिंबही पुसट होते, म्हणून पाण्याकडे पाहत तो हळूहळू फिरवावा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग, ‘ऑटो’वर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवावा, अन्यथा सकाळच्या उन्हातली ऊब कॅमेरा स्वतःच काढून टाकतो.