चॉसरच्या सरदाराला कसलं ‘फ्रीडम’ प्रिय होतं?

प्रश्न थोडक्यात असा. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेकरू एकमेकांना गोष्टी सांगतात, आणि प्रस्तावनेत त्यांच्यातल्या सरदाराची ओळख येते. त्याला चार गोष्टी प्रिय होत्या असं कवी सांगतो. आजच्या उच्चारात म्हणायचं तर ‘ट्रूथ’, ‘ऑनर’, ‘फ्रीडम’ आणि ‘कर्टसी’. विचारणाऱ्या बाईंनी ‘फ्रीडम’चं ‘स्वातंत्र्य’ केलं आणि तिथेच त्या अडखळल्या. धन्यासाठी जन्मभर मोहिमा करणाऱ्या माणसाला स्वातंत्र्याची एवढी काय ओढ? त्याच्या मनात कुठल्या जुलमाविरुद्ध काही खदखदत होतं का? आणि त्या काळच्या इंग्रजी कवितेत ‘लिबर्टी’ आणि ‘टायरनी’ या अर्थाने नेमके कुठले शब्द येतात?

आधी सरळ उत्तर: इथे ‘औदार्य’ लिहा. ‘दिलदारपणा’ही चालेल. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘फ्री’ माणूस म्हणजे मनाचा मोठा, हात न आखडणारा, खानदानी वागणुकीचा. पुरावा त्याच पुस्तकात आहे. फ्रँकलिन, म्हणजे यात्रेकरूंमधला एक जमीनदार, जी गोष्ट सांगतो तिच्यात नवरा बायकोला तिने थट्टेत दिलेला शब्द पाळायला परपुरुषाकडे पाठवतो. तो परपुरुष तिला शब्दातून मोकळं करतो. आणि त्याच्यासाठी जादू करणारा पंडित आपली हजार पौंडांची फी सोडून देतो. शेवटी फ्रँकलिन श्रोत्यांना विचारतो, सांगा बरं, यांच्यातला सगळ्यात ‘फ्री’ कोण? इथे ‘सर्वाधिक स्वतंत्र’ लिहिलं तर गोष्टच कोसळते. तिघांपैकी प्रत्येकाने काहीतरी हक्काचं सोडलंय, आणि कोणी जास्त सोडलं एवढाच तो प्रश्न आहे.

मराठी कानाला हे जड जाऊ नये. ‘मुक्तहस्ते दान’ आपण म्हणतोच की. तिथल्या हाताला कुणी बेडीतून सोडवलेलं नसतं.

गंमत म्हणजे याच गोष्टीत ‘लिबर्टी’ही आहे. बायकांना स्वभावतःच लिबर्टी हवी असते, ‘थ्रॉल’सारखं, म्हणजे गुलामासारखं, दाबात राहणं त्यांना नको असतं, असं फ्रँकलिन म्हणतो. आणि लगेच जोडतो की खरं सांगायचं तर पुरुषांचंही तेच असतं. म्हणजे एकाच गोष्टीत ‘फ्री’ हा घरचा जुना शब्द उदार या अर्थी आला आणि ‘लिबर्टी’ हा फ्रेंचमधून नुकताच आलेला पाहुणा दाब नसण्याच्या अर्थी. ‘दोन्ही एकच, एक सॅक्सन आणि एक लॅटिन’ असं जे सर्रास सांगितलं जातं ते निदान या गोष्टीला लागू पडत नाही.

आता मुळाकडे. ‘फ्री’ आणि आपला ‘प्रिय’ एकाच मुळातून आलेत. संस्कृतातल्या ‘प’च्या जागी इंग्रजीच्या कुळात ‘फ’ येतो. ‘पितृ’ला ‘फादर’, ‘पद’ला ‘फूट’, तसा ‘प्रिय’ला ‘फ्री’. ‘फ्रेंड’सुद्धा याच घरातला. आवडता हा अर्थ मोकळा या अर्थाकडे कसा सरकला? नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण मला पटतं. एका छपराखाली दोन तऱ्हेची माणसं राहत. काही रक्ताची आणि जिव्हाळ्याची, काही विकत घेतलेली किंवा लढाईत धरून आणलेली. पहिली ती ‘प्रिय’, म्हणून दास नसलेली. लॅटिनमध्येही ‘लीबेर’ म्हणजे दास नसलेला, आणि ‘लीबेरी’ म्हणजे घरातली मुलंबाळं.

त्यामुळे जुन्या इंग्रजीत ‘फ्री’च्या समोर उभा असतो तो गुलाम. जुलमी राजा तिथे नाही. गुलामासाठीचा ‘थ्रॉल’ हा शब्द मात्र इंग्रजांनी उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांकडून घेतला. (आज ‘एन्थ्रॉलिंग’ गाणं ऐकून आपण खूश होतो, शब्दशः त्याने आपल्याला गुलाम केलेलं असतं.) ही नुसती कवितेतली कल्पना नव्हे. राजाने करवलेल्या 1086 सालच्या ‘डूम्सडे’ या जमीन-मोजणीच्या नोंदींत इंग्लंडमध्ये मोजलेल्या माणसांपैकी अंदाजे दहातला एक गुलाम आहे.

मग जुलमी राजाच्या समोर कोण? ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं वीरकाव्य उघडा. त्याची एकमेव हस्तलिखित प्रत 1000 सालाच्या आसपासची आहे. त्यात चांगला राजा ओळखायची खूण म्हणजे तो सोन्याची कडी वाटतो. राजाला ‘कडी देणारा’ हेच विशेषण लागतं. वाईट राजा म्हणून हेरेमोड या जुन्या डॅनिश राजाचं उदाहरण दिलंय. राक्षसिणीला मारून परतलेल्या बेओवुल्फला म्हातारा राजा ह्रोथगार ते मुद्दाम ऐकवतो, हा पोरगाही उद्या राजा होईल म्हणून. हेरेमोडने काय केलं? रागाच्या भरात आपल्याच पंगतीला बसणारी माणसं कापली, आणि डेनांना कडी दिली नाहीत. दोन गुन्हे, एकाच श्वासात सांगितलेले. आपल्याला खून मोठा आणि चिक्कूपणा किरकोळ वाटतो. त्या कवीला तसं वाटत नाही. पंगतीतल्या माणसाला मारणारा आणि त्याला काही न देणारा, दोघांनीही तेच नातं तोडलं.

माझं म्हणणं इथेच आहे. सुरुवातीच्या इंग्रजी कवितेत जुलमाच्या विरुद्ध टोकाला बरेचदा औदार्य असतं. म्हणजे चॉसरच्या ओळीतलं ‘फ्रीडम’ औदार्यच असलं, तरी जुलमाशी त्याचा संबंध जोडणाऱ्या बाई अगदीच आडवाटेला गेल्या नव्हत्या.

‘टायरंट’ हा शब्द तेव्हा इंग्रजीत नव्हता. ‘बेओवुल्फ’च्याच बाडात ‘ज्यूडिथ’ नावाचं काव्य आहे, त्यात असीरियन सेनापती होलोफर्नेसला ‘लेओदहाता’ म्हटलंय. लेओद म्हणजे लोक, हाता म्हणजे द्वेष करणारा. ‘लोकद्वेष्टा’ हे त्याचं शब्दाला शब्द मराठी. दारूने तर्र झालेल्या त्याला त्याचीच माणसं शेवटचं बिछान्यावर नेतात त्या ओळीत हा शब्द येतो; पुढे ज्यूडिथ त्याचं मुंडकं उडवते. ‘डेओर’ नावाच्या छोट्या कवितेत गॉथांचा राजा एओर्मनरिक येतो, लांडग्याच्या मनाचा. तिथे कवी त्याचा एकही अत्याचार सांगत नाही. एवढंच म्हणतो की कित्येक माणसं दुःखाने जखडल्यासारखी बसून असत, पुढच्या संकटाची वाट बघत, आणि हे राज्य एकदाचं बुडावं असं घडोघडी मनात म्हणत. जुलमाचं याहून नेमकं वर्णन मला त्या काळात दुसरं सापडत नाही. बसून राहणं, बस.

पण सगळ्यात मासलेवाईक कविता आहे ती विल्यम द काँकररवरची, म्हणजे 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या राजावरची. तो 1087 मध्ये वारला, तेव्हा पीटरबरोच्या मठात टिकलेल्या वार्षिक बखरीत त्या वर्षाखाली ही नोंद आली. लिहिणारा म्हणतो, आम्ही त्याला पाहिलंय, एके काळी त्याच्या दरबारात राहिलोय. गद्यात तो राजाचं कौतुकही करतो. कुठलाही भला माणूस उराशी सोनं घेऊन राज्यभर निर्धास्त फिरू शके, असं. आपल्याकडे ‘काठीला सोनं बांधून काशीला जावं’ म्हणतात, तेच. आणि मग अचानक यमकं सुरू होतात. जुन्या इंग्रजी पद्यात सहसा यमक नसायचं, अनुप्रास असायचा. त्यामुळे हे कानाला वेगळंच लागतं. पहिली ओळ: त्याने किल्ले बांधून घेतले आणि गरिबांना भयंकर पिडलं. ‘किल्ले’साठीचा शब्द ‘कास्तेलास’, तोही परका. इंग्रजांना असल्या किल्ल्यांची खरी ओळख नॉर्मनांनीच करून दिली.

पुढे हिशेब आहे. प्रजेकडून सोन्याचे मार्क नेले, चांदीचे शेकडो पौंड नेले, तेही अन्यायाने आणि फारशी गरज नसताना. हावेत पडला, लोभावर त्याचा भारी जीव. मग हरणं. त्याने हरणांसाठी मोठी राखीव रानं ठेवली आणि कायदा केला की जो कुणी सांबर किंवा हरिणी मारील त्याचे डोळे काढावेत. सशांनाही अभय. थोरामोठ्या हरणांवर तो असं प्रेम करी की जणू त्यांचा बापच. ही ओळ वाचून हसू येतं आणि पुढच्या क्षणी जिरतं, कारण आंधळं कोणाला करायचं हे आत्ताच सांगून झालंय. श्रीमंत कुरकुरले, गरीब रडले. तो इतका ताठ की कुणाच्याही रोषाची त्याने फिकीर केली नाही.

या कवितेत स्वातंत्र्याला शब्द नाही, ती मागणीही नाही. तक्रार एवढीच की हा राजा देत नाही, नेतो. हेरेमोडवरचाच आरोप, फक्त आता पंगतीतल्या शूरांऐवजी साऱ्या प्रजेच्या तोंडून. चॉसरचा समकालीन लँगलंड याच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात पीस (शांती) नावाचं पात्र राजापुढे राँग (अन्याय) नावाच्या पात्राविरुद्ध फिर्याद घेऊन येतं, तिथेही असंच. राँगने माझे पाळलेले हंस नेले, डुकरं नेली, घोडा उसना नेला तो परत आणलाच नाही, कोठाराचं दार फोडून गहू नेला, ओटच्या मापांबद्दल पैशांऐवजी हातावर नुसती उधारीच्या खुणेची काठी टेकवली. सरकारी कोठीसाठी माल उचलणाऱ्यांचा हा उद्योग होता. वेठबिगारीच्या आठवणी ज्या गावांत अजून सांगितल्या जातात, तिथे हा भाग समजावून द्यावा लागणार नाही.

स्वातंत्र्य आणि जुलूम खऱ्या अर्थाने समोरासमोर येतात ते स्कॉटलंडमध्ये. अॅबर्डीनचा आर्चडीकन जॉन बार्बर याने 1375 च्या सुमारास ‘द ब्रूस’ हे साडेतेरा हजारांहून जास्त ओळींचं काव्य रचलं, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आणि इंग्रजांविरुद्धच्या 1314 च्या बॅनकबर्नच्या लढाईवर. भाषा स्कॉट्स, पण त्या काळी तिथली मंडळी तिला ‘इंग्लिस’च म्हणत. इंग्लंडच्या एडवर्डने नेमलेले शेरीफ आणि अंमलदार काय करत ते तो आधी सांगतो. कुणाकडे चांगला घोडा, कुत्रा किंवा काही मनात भरण्यासारखं दिसलं की न्यायाने नाहीतर अन्यायाने ते आपलंसं करत. बायकामुलींवर हात टाकत. इथवर जुनीच यादी. आणि मग एकदम ‘अहा! स्वातंत्र्य ही थोर गोष्ट आहे’ ही प्रसिद्ध ओळ. मोकळेपणी जगतो तोच सुखाने जगतो. जो कायम मोकळाच राहिला त्याला गुलामीचं दुःख कळायचं नाही. पण एकदा ती चाखली की जगातल्या साऱ्या सोन्याहून तो स्वातंत्र्य मोलाचं मानील. इथे ‘फ्रीडम’चं ‘औदार्य’ करणाऱ्याला माफी नाही. सोन्याचीही जागा बदललीय. पूर्वी चांगल्या राजाची खूण सोनं होती, आता सोनं तराजूच्या हलक्या पारड्यात आहे.

एवढ्या उंचीवर गेल्यावर बार्बरमधला पाद्री जागा होतो आणि शास्त्रार्थ काढतो. धन्याने गुलामाला काम सांगितलं, त्याच क्षणी बायकोने पतिधर्माची आठवण दिली, तर आधी काय करावं? उत्तर तो आपल्याहून शहाण्यांवर सोपवून कथेकडे वळतो. पाठ्यपुस्तकांत नेमका हाच तुकडा गाळतात. मला तो ठेवावासा वाटतो, कारण आपल्या शरीराचा आणि वेळेचाही मालक दुसरा असणं म्हणजे काय, ते त्यात दिसतं.

राहता राहिला ‘टायरंट’. ग्रीकमध्ये मूळ अर्थ वारसाहक्क नसताना सत्ता घेतलेला. वाईट असलाच पाहिजे असं नाही. इंग्रजीत तो फ्रेंचमधून 1300 च्या आसपास आला तो वाईट होऊनच. चॉसर 1378 मध्ये राजाच्या कामासाठी मिलानला जाऊन आला होता, तेव्हा तिथे बेर्नाबो व्हिस्कोंतीचा अंमल होता. पुढे ‘लेजंड ऑफ गुड विमेन’च्या प्रस्तावनेत तो राजाने लोंबार्डीच्या टायरंटांसारखं होऊ नये असं लिहितो, ते ऐकीव ज्ञानावर नव्हे.

अनुवादासाठी माझी पसंती अशी. ‘लिबर्टी’ एकवचनात असेल तर ‘मोकळीक’ किंवा ‘मुभा’ आधी वापरून बघा, नाहीच बसलं तर ‘स्वातंत्र्य’. अनेकवचनी ‘लिबर्टीज’ दिसल्या की हमखास ‘सनदी हक्क’ किंवा ‘माफी’. 1215 च्या मॅग्ना कार्टात आहेत त्या याच. एखाद्या बड्या धर्मगुरूच्या किंवा जमीनदाराच्या अखत्यारीतल्या इलाख्यालाही ‘लिबर्टी’ म्हणत. लंडनला विंचेस्टरच्या बिशपची एक ‘लिबर्टी’ होती आणि तिच्यात क्लिंक नावाचा तुरुंग होता. ‘टायरनी’ला साधा ‘जुलूम’ सर्वांत बरा. ‘झोटिंगशाही’ विल्यमला शोभेल, पण त्या शब्दाला एक तमाशाचा वास आहे. ‘मोगलाई’ कृपया नको, मिलान आपल्या इतिहासात येऊन पडेल. ‘हुकूमशाही’ फार आधुनिक.

‘कँटरबरी टेल्स’मधल्याच मँसिपलच्या (कोठीवाल्याच्या) गोष्टीतल्या ‘टायटललेस टायरंट’ला मी ‘बिनसनदी जुलमी’ म्हणेन. तिथे चॉसर विचारतो की असा जुलमी आणि रानातला लुटारू यांत फरक काय. काहीच नाही. एकाकडे माणसं जास्त, तो घरंदारं जाळून मैदान करतो म्हणून त्याला ‘कॅप्टन’ म्हणतात. दुसऱ्याची टोळी लहान, नुकसान कमी, म्हणून तो चोर. मराठीत पहिल्याला ‘सेनापती’ आणि दुसऱ्याला ‘पुंड’ केलं की ओळ जशीच्या तशी उतरते.