सासरे रोज चार वाजता ड्युटीला निघतात

प्रश्न : ताई, माझे सासरे ७६ वर्षांचे. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. गेलं वर्षभर दुपारचे चार वाजले, की शर्ट चढवून दारात उभे राहतात. "माझी पेटी कुठंय? पाटण गाडी सुटेल." अण्णा, तुम्ही रिटायर होऊन १८ वर्षं झाली, हे सांगून सांगून दमले. चिडतात, मलाच विचारतात, "तू कोण?" शेजारी म्हणतात, म्हातारचळ. नणंद पुण्याहून रविवारी फोन करते, तिच्याशी दहा मिनिटं इतकं छान बोलतात, की तिला वाटतं मीच वाढवून सांगते. परवा मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. वळ उठला. रात्री तोच दंड माझ्यापुढं धरून म्हणाले, "बाई, इथं काहीतरी लागलंय." तेव्हापासून मला झोप नाही.
– एक सून, कराड

उत्तर : त्या वळापासूनच सुरुवात करते. मला लिहिलंत तसं आज रात्री नवऱ्याला सांगा. पुन्हा हात उठेलसं वाटलं, तर बाहेरच्या दाराला कडी आहे ना पाहा आणि पाच मिनिटं परसात जाऊन उभ्या राहा. वर्षभर एकटीनं रात्रंदिवस हे निभावायचं म्हटलं, तर कुणाचाही तोल जाईल.

माझी आई नऊ वर्षं स्मृतिभ्रंशाच्या आजारात होती. दिवस कलला की ती वाईला, माहेरी निघायची. "दादा वाट बघत असतील." मी खरं तेच सांगायचे : आई, दादा जाऊन चाळीस वर्षं झाली. ती धाय मोकलून रडायची, कारण तिला ते त्याच क्षणी कळत असायचं. अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच उत्तर. एका संध्याकाळी मी तिच्या वडिलांना तीनदा मारलं. ते मला अजून सोसत नाही. पुढं मी विचारायला लागले, "दादा घाटावर कुठं बसायचे गं?" मग ती ढोल्या गणपतीचं, कृष्णेच्या पुराचं सांगत बसायची आणि निघायचं राहून जायचं.

अण्णांची ड्युटी त्यांच्यापुरती खरी आहे. "गाडी लेट आहे अण्णा, कंट्रोलरचा निरोप आलाय, तोवर चहा घ्या," असं म्हणून बघा. मल्हारपेठला किती जण उतरायचे, ते विचारा. जुनी बॅग आणि थोडी चिल्लर मोजायला द्या. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो. म्हणून घरातले दिवे अंधार पडायच्या आधीच लावा आणि साडेतीनलाच त्यांना घेऊन एक फेरी मारून या. स्टँडवरच्या कंट्रोलरला, टपरीवाल्याला, रिक्षावाल्यांना त्यांचा चेहरा दाखवून ठेवा. शर्टाच्या आत तुमचा फोन नंबर शिवा.

म्हातारचळ या शब्दाचा मला राग येतो. त्या एका शब्दापायी माणसाला डॉक्टरकडे न्यायचंच राहून जातं. ही लक्षणं स्मृतिभ्रंशाची वाटतात, पण निदान मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञच करतील. रक्तात बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, कान तपासा, उदास असतात का तेही सांगा. यातलं काही असेल तर उपचारानं फरक पडतो. स्मृतिभ्रंशच असेल, तर गोळ्यांनी काहींना थोडी मदत होते, आजार जात नाही. मात्र दोन-चार दिवसांत एकदम बिघडले, तर लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नवी गोळी हे कारण असू शकतं. तेव्हा थांबू नका. २०२३ साली आलेल्या एका मोठ्या पाहणीत देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज होता. म्हणजे तुमच्या आळीतही आणखी एखादं घर असेल, दार लावून बसलेलं.

कागदपत्रांचं लगेच बघा, अण्णांना अजून समजून सही करता येतेय तोवर. पेन्शनच्या खात्याचं बँकेत विचारा, वारस नोंदी तपासा. मुखत्यारपत्र करून निश्चिंत होऊ नका : १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते देणाऱ्याची समज गेली, की मुखत्यारी संपते. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

नणंद खोटं बोलत नाही. जुने शिष्टाचार, ठरलेली वाक्यं पुष्कळ दिवस टिकतात, आणि दहा मिनिटं त्यावर निभतात. तिला पटवत बसू नका. शुक्रवार ते रविवार मुक्कामाला बोलवा आणि तुम्ही माहेरी जा. "मदत करा" म्हटलं, की सगळे हो म्हणतात; तारीख मागा. नवऱ्याकडूनही आठवड्यातल्या दोन रात्री मागा, अण्णांच्या खोलीत त्यांनी झोपायचं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि झोप येत नाही, हात उठतोय, हे बोलायला तुमच्यासाठी १४४१६, कोणत्याही वेळी, मराठीतून.

पुढच्या पत्रात एवढं कळवा, नणंद कोणत्या शुक्रवारी येतेय.