वाचक विचारतात: फळमाशी औषधाला दाद का देत नाही?

प्रश्न: फळमाशीसाठी आम्ही कित्येक सीझन एकच औषध मारतोय. आधी फवारलं की माश्या पटापट खाली पडायच्या, आता डोस वाढवूनही बागेत माशी फिरतेच आणि फळावर डंख दिसतोच. ओळखीचे एक जण म्हणाले की माशीच्या अंगात एन्झाइम तयार झालेत, ते औषध पचवतात. खरं आहे का हे? आणि खरं असेल तर डोस अजून वाढवला की एन्झाइम कमी पडतील ना?

उत्तर: पचवतात हे बरोबर आहे, पण एन्झाइम नव्याने तयार झाले असं काही नाही, ते माशीत पहिल्यापासूनच असतात. फळमाशीची अळी फळाच्या गरात वाढते आणि झाडं आपल्या फळात, सालीत स्वतःची कीटकविरोधी रसायनं ठेवतातच, त्यामुळे ओरिएंटल फळमाशीसारखी जात जी शेकडो प्रकारच्या झाडांवर जगते तिला ही सगळी रसायनं निस्तरायची सोय ठेवावीच लागते. आपलं कीटकनाशक आलं तेव्हा ती सोय तयारच होती.

यात मुख्य तीन घराणी आहेत. एस्टरेज हे एस्टर नावाचा रासायनिक बंध तोडतात, पायरेथ्रॉइड गटातली औषधं आणि मॅलाथिऑन दोन्हींत असा बंध आहे. आणि जिथे तोडणं हळू होतं तिथेही ते औषधाचा रेणू नुसता धरून ठेवतात, म्हणजे तो नसांपर्यंत पोचतच नाही. दुसरे सायटोक्रोम पी-४५०, हे रेणूला ऑक्सिजन जोडून त्याचं रूप बदलतात. तिसरे जीएसटी, म्हणजे ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, हे रेणूला ग्लुटाथायोन हा शरीरातलाच एक छोटा रेणू चिकटवतात, मग तो पाण्यात विरघळणारा होतो आणि शरीराबाहेर टाकणं सोपं जातं.

आता डोसचं. बागेतल्या सगळ्या माश्या सारख्या नसतात, काहींमध्ये यातलं एखादं एन्झाइम जास्त बनतं, कधी त्या जीनच्या जास्त कॉपी असतात म्हणून तर कधी जीन चालू-बंद करणारा भाग बदललेला असतो म्हणून. तुम्ही फवारता तेव्हा बाकीच्या मरतात, या उरतात आणि पुढची पिढी यांचीच येते. डोस वाढवला की त्यातल्याही अजून दणकट उरतात, आणि फळमाशीच्या पिढ्या भराभर होतात त्यामुळे हे फार लवकर पुढे जातं. शिवाय माशीच्या अळीवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या त्या डोसने आधी मरतात आणि फळावर औषधाचा अंश वाढतो. त्यामुळे लेबलवरच्या डोसच्या वर जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

एक गोष्ट मात्र नेहमी राहून जाते. हेच पी-४५० काही औषधं जास्त विषारी करतात. मॅलाथिऑन फवारतो तेव्हा ते तसं सौम्य असतं, माशीच्या अंगात पी-४५० त्याचं मॅलाऑक्सॉन करतं आणि नसांवर खरा मार तो करतो. म्हणजे एकाच माशीत एक एन्झाइम विष बनवतंय आणि एस्टरेज ते मोडतंय, जो जास्त चपळ त्याच्यावर माशी जगते की मरते ते ठरतं. म्हणून "एन्झाइम जास्त म्हणजे रेझिस्टन्स", म्हणजे माशी औषधाला दाद देणार नाही, असं सरसकट म्हणता येत नाही, कुठलं एन्झाइम आणि कुठलं औषध हे विचारावंच लागतं.

प्रश्न: मग आमच्या माशीत एन्झाइमच वाढलेत की दुसरं काही, हे कळतं कसं?

उत्तर: प्रयोगशाळेत कळतं, आणि त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. एकाच वयाच्या माश्या घेतात, कार्बन डायऑक्साइडने थोडा वेळ सुन्न करतात आणि प्रत्येकीच्या पाठीवर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या औषधाचा एक बारीकसा थेंब ठेवतात, मग चोवीस तासांनी मेलेल्या मोजतात. दुसऱ्या गटाला औषधाच्या आधी असं रसायन देतात जे एक ठरावीक एन्झाइम घराणं दाबून टाकतं. पीबीओ पी-४५० ला दाबतं, डीईएफ एस्टरेजला आणि डीईएम ग्लुटाथायोन संपवून जीएसटीला निकामी करतं. पीबीओ दिल्यावर चिवट माशी परत साध्या माशीसारखी मरायला लागली तर बोट पी-४५० कडे जातं. तिन्ही देऊन फरक पडला नाही तर दोष बहुतेक दुसरीकडे आहे.

एस्टरेजची टेस्ट तर डोळ्यांना दिसते. एकेक माशी वाटून छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये घालतात, त्यात अल्फा-नॅफ्थाइल ॲसिटेट टाकतात आणि शेवटी फास्ट ब्लू नावाचा रंग, ज्या माशीत एस्टरेज जास्त तिचा खळगा गडद निळा होतो आणि शेजारचा फिकाच राहतो. एकाच बागेतल्या माश्यांमध्ये इतका फरक असतो की सरासरीवर विश्वास ठेवू नये असं माझं ठाम मत आहे, एकेक माशी बघावी. आणि माश्यांचं वय, खाणं, नर की मादी हे सारखं नसेल तर निकाल वाचूच नका, कारण या सगळ्याने एन्झाइम बदलतात.

दोष दुसरीकडे म्हणजे कुठे, तर औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच बदललेली असते. स्पेनमधल्या भूमध्य फळमाशीत दोन्ही सापडलंय. मॅलाथिऑनला दाद न देणाऱ्या माश्यांमध्ये ॲसिटिलकोलिनएस्टरेज या, म्हणजे नसांमध्ये मॅलाथिऑन जिथे जाऊन बसतं त्या प्रथिनात ३२८ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन होतं, आणि लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिनला टिकणाऱ्या माश्यांमध्ये सीवायपी-६ए-५१ हे पी-४५० खूप वाढलेलं होतं, पीबीओ दिल्यावर तो टिकाव बराचसा कोसळला. जात एक, औषधं दोन, कारणं वेगवेगळी. स्पिनोसॅडच्या बाबतीत ओरिएंटल फळमाशीत मुख्य गडबड नसांवर ते औषध जिथे बसतं त्या रिसेप्टर नावाच्या प्रथिनाच्या अल्फा-६ भागात सापडली, तिथे एन्झाइम दाबून फार काही हाती लागत नाही.

प्रश्न: पीबीओ इतकं चांगलं काम करतं तर सरळ टाकीतच मिसळावं का?

उत्तर: मनाने नको. काही तयार औषधांत ते आधीच असतं, तिथे ठीक. पण वर सांगितलं तसं मॅलाथिऑनसारख्या औषधाला पी-४५० लागतं, ते दाबलं तर औषधाचीच धार कमी होऊ शकते. आणि मधमाश्याही आपलं विष याच एन्झाइमने निस्तरतात, त्यांचं संरक्षण काढून घ्यायचं हे मला पटत नाही.

प्रश्न: मग औषध बदलतो. दरवर्षी नवीन नावाचं घेतोच आहोत तसं.

उत्तर: नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं होत नाही, लेबलवर ग्रुपचा नंबर बघा, एका ग्रुपची औषधं किडीला एकाच पद्धतीने मारतात. ऑर्गनोफॉस्फेट १बी, पायरेथ्रॉइड ३ए, निओनिकोटिनॉइड ४ए, स्पिनोसॅड ५. एका ग्रुपचं औषध माशीच्या लागोपाठच्या पिढ्यांवर येऊ नये अशी आखणी करा.

पण इथेच एन्झाइम अडचण करतात. जागा बदलून आलेला रेझिस्टन्स बहुधा त्या एका ग्रुपपुरता असतो, एन्झाइमचा तसा नसतो. ड्रोसोफिला, म्हणजे आंबलेल्या फळावर घोंगावणारी छोटी माशी, तिच्यात सीवायपी-६जी-१ हे एकच पी-४५० डीडीटी आणि इमिडाक्लोप्रिड या अगदी वेगळ्या दोन औषधांना टिकवतं, हे २००२ साली समोर आलं. म्हणजे जे औषध तुम्ही कधी मारलंच नाही त्यालाही माशी आधीच तयार असू शकते. म्हणून ग्रुप बदलण्याआधी शक्य असेल तर टेस्ट करून घ्या आणि फवारणीवरचा भार कमी करा: पडलेली किडकी फळं रोज उचलून नष्ट करा कारण अळी त्यातूनच मातीत उतरून कोष करते, नरांसाठी मिथाइल युजेनॉलचे किंवा क्यू-ल्यूरचे सापळे जात बघून लावा, फळं कोवळी असतानाच पिशवी चढवा. मादीला अंड्यांसाठी प्रथिन लागतं, त्यामुळे औषध मिसळलेलं प्रथिनाचं आमिष ठिपक्या-ठिपक्यांनी मारलं की सगळी बाग औषधाने भिजवायची गरज राहत नाही. पिशवी आणि झाडलोट यांच्यापुढे कुठलंही एन्झाइम चालत नाही.

प्रश्न: माशीच्या पोटातले जिवाणू औषध खातात असं वाचलं, खरं का?

उत्तर: हो. २०१७ च्या एका अभ्यासात ओरिएंटल फळमाशीच्या आतड्यात सिट्रोबॅक्टर जातीचा जिवाणू सापडला जो ट्रायक्लोरफॉन मोडतो, तो दिलेल्या माश्या त्या औषधाला जास्त टिकल्या. म्हणजे माशीचे स्वतःचे एन्झाइम मोजून सगळा हिशेब लागेलच असं नाही. पण म्हणून बागेत अँटिबायोटिक मारायचा विचार कोणी करू नका, तसा प्रश्नही दोघा-तिघांकडून आलाय.